१९६२ चं युद्ध अडीच वर्षं आधी खेळून दाखवणारा कोल्हापूरचा जनरल

दिवाळी जवळ आली की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या चाळींत आणि सोसायट्यांत पोरांची एक गडबड ठरलेली असते. कोपऱ्यात विटा रचल्या जातात, त्यावर गोणपाट टाकलं जातं, चिखल थापला जातो, अळीव पेरले जातात. कुणाला समोर दिसतो तो मलंगगड करायचा असतो, कुणाला चंदेरी, तर कुणाला थेट राजगडच.

किल्ला उभा राहिला की मातीचे मावळे मांडायची वेळ येते आणि तिथे खरी भांडणं सुरू होतात. तोफ कुठल्या बुरुजावर ठेवायची? शत्रू दरवाज्यातून येणार की मागच्या कड्यावरून? माचीवर माणसं कमी आहेत, तिकडून कुणी घुसलं तर?

पोरांना माहीत नसतं, पण त्या क्षणी ती जो विचार करत असतात, त्याला जगभर एक नाव आहे. वॉरगेम. म्हणजे युद्धाचा खेळ.

युरोप-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा छंद आहे. टेबलावर डोंगर, नद्या, पूल, गावं तयार करायची, बोटभर उंचीचे सैनिक स्वतः रंगवायचे आणि नियमांचं पुस्तक, मोजपट्टी आणि फासे घेऊन लढाया खेळायच्या. त्यांचे मोठमोठे मेळावे भरतात.

आणि हाच खेळ जगभरातली सैन्यं गंभीरपणे खेळतात. कारण इथे हरलं तर जीव जात नाही, पण आपण कुठे हरणार ते समजतं.

भारतीय सैन्यातला असा एक खेळ १९६० साली लखनौमध्ये खेळला गेला. त्याचं नाव होतं एक्सरसाइज लाल किल्ला. तो मांडणारा अधिकारी होता कोल्हापूरचा. त्या खेळात भारत चीनसमोर मागे हटताना दिसला होता. तो खेळ गांभीर्याने घेतला असता तर कदाचित १९६२ चा इतिहास थोडा वेगळा लिहिला गेला असता.

त्या अधिकाऱ्याचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणून ओळखत.

आधी हा खेळ नेमका काय ते बघू

लढाईचा पट मांडून खेळण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगं असलेलं चतुरंग भारतातून जगभर गेलं आणि त्याचं बुद्धिबळ झालं. पण बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नसतो, नदी नसते, पाऊस पडत नाही. समोरच्याचं सगळं सैन्य डोळ्यांसमोर असतं. खऱ्या लढाईत असं कधीच नसतं.

ही उणीव भरून काढली प्रशियाच्या रायसविट्झ बापलेकांनी. बापाने १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला एक खास टेबल करून दिलं. त्यात डोंगर, रस्ते, नद्या यांचे सुटे तुकडे होते, ते हवे तसे जुळवून रणभूमी उभी करता यायची.

मुलगा त्याच सैन्यात अधिकारी होता. १८२४ मध्ये त्याने हा खेळ खऱ्या नकाशावर आणला. एका बाजूचे ठोकळे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. प्रत्येक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. किती माणसं पडली ते फाशांनी ठरायचं, कारण लढाईत नशीबही असतंच. आणि मध्ये बसायचा पंच. कुठल्या बाजूला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये, हे तो ठरवायचा.

प्रशियाच्या सेनापतीने खेळ बघितला तेव्हा सुरुवातीला तो फारसा उत्सुक नव्हता. डाव रंगत गेला तसा त्याचा नूर पालटला, आणि त्याने हा खेळ सगळ्या सैन्यासाठी उचलून धरला. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला लोळवलं, तेव्हा इतर देशांनीही तो खेळ आपलासा केला.

छंद म्हणून या खेळाला लोकप्रिय केलं ते टाइम मशीनवाल्या एच. जी. वेल्सने. त्याने १९१३ मध्ये लिटल वॉर्स नावाचं नियमांचं पुस्तक काढलं. शिशाचे सैनिक, लाकडी गोळ्या उडवणारी खेळण्यातली तोफ, आणि फळ्या, ठोकळे, झाडांच्या काटक्या यांची रणभूमी. वेल्सचं म्हणणं होतं की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशी भागवावी. दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

छंद मात्र टिकला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्सने अशाच खेळाडूंचा मेळावा भरवला, त्याचं नाव जेन कॉन. तो आजही भरतो.

सैन्यातला खेळ याच जातीचा. तिथे कधी मातीचा उठावदार नकाशा करतात, त्याला सँड मॉडेल म्हणतात. कधी भिंतीवरचे नकाशे असतात. सैन्य जागचं हलत नाही. अधिकारी बसतात, एक गट शत्रू होतो, आणि दिवसागणिक काय होईल ते खेळून बघतात.

वडगावचा पोरगा सँडहर्स्टला पोहोचला

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते.

त्या काळात मराठा पोरगा सैन्यात जाणं नवलाचं नव्हतं. पण जायचा तो शिपाई म्हणून. फार तर सुभेदार व्हायचा. साहेब गोराच असायचा. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली १९३२ मध्ये. त्याआधी भारतीय मुलाला पूर्ण दर्जाचा अधिकारी व्हायचं तर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला जावं लागायचं, आणि तिथे भारतीयांसाठी जागा होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

थोरातांनी त्यातली एक पटकावली. १९२६ मध्ये ते अधिकारी झाले आणि पंजाब रेजिमेंटमध्ये रुजू झाले. त्याच वर्षी सँडहर्स्टमधून आणखी दोन भारतीय अधिकारी बाहेर पडले. एकाचं नाव के. एस. थिमय्या आणि दुसऱ्याचं पी. एन. थापर. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

ब्रह्मदेशातली टेकडी

दुसऱ्या महायुद्धात आजच्या उल्हासनगरच्या जागी कल्याणचा लष्करी कॅम्प उभा होता. तेव्हा थोरात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते.

जानेवारी १९४५. अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाचं ठिकाण. जपानी सैन्याचा माघारीचा रस्ता तिथून जात होता, आणि तो तोडायचा होता. हे काम ज्या ५१ व्या ब्रिगेडकडे आलं तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. असं त्या काळात सहसा घडत नसे.

पंजाबची पलटण थोरातांकडे. हैदराबादची थिमय्यांकडे. बलुचची एल. पी. सेन यांच्याकडे.

मेलरोज असं सांकेतिक नाव दिलेली टेकडी जपान्यांनी घट्ट धरून ठेवली होती. जानेवारीच्या अखेरीस थोरातांच्या पलटणीने ती जिंकली. शेवटची झुंज तर अगदी हातघाईची झाली. या लढाईसाठी तिन्ही भारतीय अधिकाऱ्यांना डीएसओ हे मोठं शौर्यपदक मिळालं.

इथे थोरातांनी एक गोष्ट जवळून बघितली. डोंगरात पक्के खंदक खणून बसलेल्या सैन्याला हुसकावायला काय किंमत मोजावी लागते. आणि रसद तुटली की चांगल्यात चांगल्या सैन्याचंही काय होतं.

कोरियात बंदुकीशिवाय

स्वातंत्र्यानंतर थोरात मेजर जनरल झाले. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं, पण एक गुंता राहिला. २२ हजारांहून जास्त चिनी आणि कोरियन युद्धकैदी असे होते ज्यांना मायदेशी परत जायचं नव्हतं. त्यांना कुणी सांभाळायचं?

ती जबाबदारी भारतावर आली. तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले थिमय्या, आणि कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख झाले थोरात.

सुरुवातच अवघड होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग अमेरिकन हेलिकॉप्टरनी आपल्या जवानांना जहाजावरून उचलून थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात उतरवलं. तिथे त्यांनी छावणी उभी केली आणि तिला नाव दिलं हिंद नगर.

सप्टेंबर १९५३ मध्ये भडका उडाला. खवळलेल्या कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून ओलीस धरलं. गोळीबार केला असता तर कैदी मेले असते, ग्रेवाल वाचले नसते आणि तह मोडायची वेळ आली असती.

थोरात शस्त्र न घेता त्या जमावात गेले. बोलून, दटावून, समजूत घालून त्यांनी वातावरण शांत केलं आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. या धैर्यासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं. आज याच सन्मानाला कीर्ती चक्र म्हणतात.

चार वर्षांनी, १९५७ मध्ये, लेफ्टनंट जनरल थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. त्यांच्या हद्दीत नेफा येत होता, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. आणि नेफाच्या पलीकडे होता चीन.

नकाशा बघितला आणि झोप उडाली

१९५९ साल उजाडलं ते अडचणी घेऊनच. मार्चमध्ये दलाई लामा तिबेटमधून भारतात आले. ऑगस्टमध्ये नेफातल्या लोंगजू चौकीवर चिनी सैन्याने हल्ला केला. ऑक्टोबरमध्ये लडाखमधल्या कोंगका खिंडीत आपल्या पोलिसांवर गोळीबार झाला. हिंदी-चिनी भाई भाईचा काळ संपला होता. नोव्हेंबरमध्ये नेफाची सीमा सैन्याकडे सोपवण्यात आली.

थोरातांनी त्याआधीच हिशेब मांडला होता. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी नेफाच्या संरक्षणाबद्दल एक टिपण तयार करून वरती पाठवलं.

हिशेब साधा होता आणि म्हणूनच भयंकर होता. आसामच्या मैदानातून तवांगकडे जायचं तर बोमडिलाचा डोंगर चढायचा, मग जवळपास १३,७०० फुटांवरची सेला खिंड ओलांडायची. रस्ते अर्धवट किंवा नाहीतच. पुढचं सगळं माणसांच्या पाठीवर, खेचरांवर नाहीतर विमानातून टाकायचं. पलीकडे चीनने तिबेटच्या पठारावर रस्ते करत आणले होते. म्हणजे सीमेच्या रेषेवर लढलो तर चीन घराच्या अंगणात लढणार आणि आपण घरापासून लांब.

थोरातांचं उत्तर होतं की खेळ उलटा करा. सीमेवर चौक्या ठेवा, पण त्या नजर ठेवायला आणि खबर द्यायला. खरी लढाई सीमेपासून बरीच मागे, आपण निवडलेल्या जागेवर द्या. तिथवर आपले रस्ते पोचतील, दारूगोळा पोचेल. आणि चिनी सैन्याला मात्र खिंडी ओलांडून, लांबलेल्या रसदीवर लढावं लागेल. त्यासाठी जास्त सैन्य आणि रस्ते हवेत, तेही त्यांनी मागितलं.

लष्करप्रमुख आता जनरल थिमय्या होते, कांगॉ आणि कोरियातले जुने सोबती. त्यांना हे पटलं. त्यांनी टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेलं.

मेनन यांना ते पटलं नाही. थोरातांनी पुढे आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, मेनन यांना ही उगाच घबराट वाटली. चीनला आपण वाटाघाटींनी थोपवू शकतो असा त्यांचा विश्वास होता. टिपण पंतप्रधानांपर्यंत गेलंच नाही.

लाल किल्ला

कागद वाचून कुणी घाबरत नसेल तर खेळून दाखवू, असं थोरातांनी ठरवलं असावं. १७ मार्च १९६० रोजी लखनौच्या मुख्यालयात त्यांनी एक्सरसाइज लाल किल्ला मांडला. थिमय्या स्वतः आले. सैन्यातले इतर वरिष्ठ अधिकारी आले.

प्रश्न एकच होता. आज हातात जेवढं सैन्य, जेवढे रस्ते आणि जेवढी रसद आहे तेवढ्यावर चीनने नेफावर हल्ला केला तर काय होईल?

खेळातून उत्तर आलं की आपण थोपवू शकणार नाही. चिनी सैन्य कुठून येईल, कुठल्या ठाण्यांवर आधी पडेल, साधारण किती दिवसांत कुठवर पोहोचेल, याचं चित्र त्या दिवशी सगळ्यांसमोर मांडलं गेलं.

वॉरगेममध्ये सगळ्यात अवघड काम शत्रूच्या बाजूने खेळणाऱ्याचं असतं. कारण त्याला आपल्याच साहेबाला हरवायचं असतं. अनेक सैन्यांत इथेच घोळ होतो.

जपानचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मे १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेआधी जपानी नौदल यामातो या युद्धनौकेवर असाच खेळ खेळत होतं. फाशांनी निकाल दिला की अमेरिकन विमानांनी आपल्या दोन विमानवाहू नौका बुडवल्या. पंच होते अ‍ॅडमिरल उगाकी. त्यांनी तो निकाल फिरवला, लागलेले बॉम्ब कमी करून टाकले आणि खेळ पुढे चालू ठेवला. महिन्याभरात खरी लढाई झाली आणि जपानच्या चार विमानवाहू नौका समुद्राच्या तळाशी गेल्या.

रशियात उलटं घडलं. जानेवारी १९४१ च्या खेळात झुकोव यांनी हल्लेखोर शत्रूची बाजू घेतली आणि आपल्याच सैन्याला धूळ चारली. स्टालिनने त्यांना शिक्षा केली नाही, थेट सैन्याच्या जनरल स्टाफचं प्रमुख केलं.

लखनौमध्ये पंचाने निकाल फिरवला नाही. थोरातांनी आपल्याच कमांडचा पराभव आपल्याच प्रमुखांसमोर प्रामाणिकपणे मांडला. पण ज्यांनी पैसा, रस्ते आणि सैन्य द्यायचं होतं, त्यांनी तो निकाल मनावर घेतला नाही.

मेनन यांची बाजूही समजून घ्यायला हवी. लोंगजूनंतर संसदेत वातावरण तापलेलं होतं. एक इंचही जमीन सोडणार नाही असं म्हणणाऱ्या देशाला, सीमेवर लढायचं नाही, मागे येऊन लढायचं, हे सांगणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. देशाकडे पैसाही बेताचाच होता. आणि तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात मुख्य शत्रू पाकिस्तान होता.

हुकलेलं पद

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त होणार होते. आपल्या जागी थोरात यावेत अशी शिफारस त्यांनी केली. सेवाज्येष्ठतेत पी. एन. थापर पुढे होते, आणि सरकारने निवडलं थापर यांनाच.

थोरात त्याच महिन्यात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. ईस्टर्न कमांडमध्ये त्यांच्या खुर्चीवर आले एल. पी. सेन. कांगॉच्या लढाईत खांद्याला खांदा लावून लढलेले तेच सेन.

त्यानंतर धोरण अगदी उलट्या दिशेला गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये फॉरवर्ड पॉलिसी आली. जिथे जमेल तिथे पुढे जाऊन छोट्या छोट्या चौक्या उभ्या करायच्या. चीन त्यांच्यावर हल्ला करणार नाही, हे गृहीत धरलेलं. म्हणजे ज्या रेषेवर आपण लढू नये असं थोरात सांगत होते, नेमकं तिथेच मूठमूठ जवान जाऊन बसले.

खेळ खरा झाला

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी तोफा सुरू झाल्या. तिथे आपली ७ वी ब्रिगेड होती. अंगावर हिमालयाच्या थंडीला न पुरणारे कपडे, हातात जुन्या रायफली आणि मोजका दारूगोळा. काही तासांत ब्रिगेड मोडली. ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या हाती सापडले.

पाचव्या दिवसापर्यंत तवांग गेलं. नोव्हेंबरच्या मध्यात सेला खिंड सोडावी लागली, पाठोपाठ बोमडिला पडलं. तेजपूर शहर रिकामं होऊ लागलं. २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःच युद्धबंदी जाहीर केली, नाहीतर पुढे आसामचं मैदान होतं.

सरकारी आकड्यानुसार या युद्धात भारताचे १,३८३ जवान मारले गेले, जवळपास १,७०० बेपत्ता झाले आणि सुमारे ४,००० कैद झाले. लाल किल्ल्याच्या खेळात जे नकाशावर दिसलं होतं, ते जवळपास त्याच क्रमाने घडलं.

आधी सांगितलं होतं असं म्हणत मिरवायची ही वेळ नव्हती. थोरातांच्या जुन्या सहकाऱ्यांचे आणि त्यांनीच कधीकाळी तपासलेल्या पलटणींचे जवान त्या डोंगरात पडले होते.

युद्ध चालू असतानाच पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. ही हकिकत थोरातांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. नेहरूंनी ते १९५९ चं टिपण वाचलं आणि हे आपल्याला आधी का दाखवलं नाही असं विचारलं. याचं उत्तर संरक्षणमंत्रीच देऊ शकतील, असं थोरातांनी सांगितलं. मेनन यांना एव्हाना संरक्षण खातं सोडावं लागलं होतं. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावण्यात आलं. राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली आणि तिच्यात थिमय्या आणि थोरात हे दोघेही होते.

नंतरची वर्षं

थोरातांनी त्यानंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. आज एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या किती पोरांना माहीत असेल की त्या खुर्चीवर कधीकाळी कांगॉचा डीएसओ विजेता बसायचा.

फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट हे त्यांचं आत्मचरित्र. पहाटेच्या बिगुलापासून संध्याकाळच्या बिगुलापर्यंत असा त्या नावाचा अर्थ. १९५९ च्या टिपणाची आणि लाल किल्ल्याची गोष्ट सामान्य वाचकांना कळली ती बरीचशी या पुस्तकामुळे. बाकी कागदपत्रं सरकारी कपाटात बंद होती.

१० ऑगस्ट १९९२ रोजी थोरात गेले. दोन दिवसांनी त्यांना ८६ वर्षं पूर्ण झाली असती.

त्यांचा आराखडा मान्य झाला असता तर भारत जिंकलाच असता असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. तेवढं सैन्य मिळालं असतं का, तेवढे रस्ते वेळेत झाले असते का, हे प्रश्न राहतातच. पण १९६० साली उपाय बदलायला अडीच वर्षं हातात होती. रस्ते बांधायला, पर्वतात लढणाऱ्या डिव्हिजन उभ्या करायला, गरम कपडे शिवायला. यातली बरीचशी कामं १९६२ नंतर झाली.

वॉरगेमचा उपयोग इतकाच असतो. तो भविष्य सांगत नाही, आपलं दुबळं ठिकाण दाखवतो. ते बघायची तयारी लागते. दिवाळीच्या किल्ल्यावर एखादं पोरगं ओरडून सांगतं की मागच्या बाजूला एकही मावळा नाहीये, तेव्हा बाकीची पोरं निदान दोन मावळे उचलून तिकडे ठेवतात. लखनौच्या त्या लाल किल्ल्यावरून एक जनरल हेच सांगत होता.